निवृत्तीनंतर कोकणात घर कुठे करावं? एका फॅमिली डॉक्टरचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ५९, पुढच्या वर्षी निवृत्ती, राहायला डोंबिवलीला. पत्नीला बरीच वर्षं मधुमेह, गोळ्यांबरोबर रात्रीचं इन्सुलिन. मुलगा बंगळुरूला, मुलगी ठाण्यात. कोकणात कायमचं यायचं हे नक्की. पुढे तीन वाटा: गुहागर तालुक्यातलं वाडवडिलांचं घर दुरुस्त करणं, दापोलीच्या बाजूला समुद्राकाठी प्लॉट घेऊन बंगला बांधणं, किंवा चिपळूण-रत्नागिरीत फ्लॅट घेणं. तुमचं मन गावच्या घराकडे ओढतंय, तेही तुम्ही लिहिलं आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करते. मुंबई-ठाण्याहून निवृत्त होऊन आलेली जोडपी आधी नुसतं बीपी तपासायला येतात, मग वर्षानुवर्षं येत राहतात. त्यातली कोण इथे रमली, कोण दोन पावसाळ्यांत परत गेली आणि कोणाचे हाल झाले, हे जवळून पाहिलं आहे.

माझं मत आधी सांगते, कारणं नंतर. चिपळुणात, २०२१ च्या पुराचं पाणी पोचलं नव्हतं अशा भागात, लिफ्ट असलेल्या इमारतीत आधी भाड्याने राहा. गावचं घर जरूर नीट करा, मनाला येईल तेव्हा तिथे जाऊन राहा, पण कायमचा मुक्काम तिथे नको. समुद्राकाठचा प्लॉट सोडून द्या. आणि डोंबिवलीचा फ्लॅट निदान दोन पावसाळे विकू नका, भाड्याने द्या.

लोक जागा बघायला येतात तेव्हा दोघंही धडधाकट असतात. गाडी स्वतः चालवत येतात. महिना बहुतेक डिसेंबर नाहीतर मे, म्हणजे हवा छान किंवा झाडाला आंबे. पुढची वीस-पंचवीस वर्षं अशीच जातील असं धरून घर ठरतं. पण मोतीबिंदू वाढला की रात्रीची गाडी बंद होते, गुडघे बसले की पायऱ्या बंद होतात, आणि एक दिवस दोघांपैकी एकच मागे राहतं. जागा निवडायची ती त्या मागे राहणाऱ्या माणसासाठी. त्याला किंवा तिला, गाडी न चालवता, औषध, भाजी, बँक, डॉक्टर आणि चार शब्द बोलायला माणूस मिळेल का? जिथे मिळेल तिथे आधीची सुखाची वर्षंही चांगलीच जातात. जिथे मिळणार नाही, ती जागा कितीही सुंदर असली तरी तुमच्यासाठी नाही.

मागे राहणारी व्यक्ती बहुधा बायको असते, कारण ती वयाने लहान असते. म्हणून पुढची गोष्ट मी जरा जोर देऊन सांगते. तुमच्या सगळ्या पत्रात पत्नीला काय वाटतं याची एकही ओळ नाही. गाव तुमचं आहे. तिथल्या आंब्याच्या झाडावर तुम्ही लहानपणी चढला आहात, देवळातला मान तुमच्या घराचा आहे, वाडीतला प्रत्येक म्हातारा तुम्हाला नावाने हाक मारतो. तिच्यासाठी ते सासर आहे. ती तिथे गणपतीत आणि मे महिन्यात आठ-आठ दिवस गेली, आणि त्यातला बराचसा वेळ चुलीपाशी गेला. डोंबिवलीत तिचं भजनी मंडळ असेल, लोकल गाडीतल्या जुन्या मैत्रिणी असतील, ओळखीची भाजीवाली असेल, पासबुक घेऊन एकटी जाता येईल अशी बँक असेल. गावाला आल्यावर तुम्हाला तुमचं सगळं परत मिळतं आणि तिचं सगळं सुटतं. शिवाय गावात कायम उघडं राहिलेलं घर हे मुंबईत नोकरीला असलेल्या सगळ्या चाकरमान्यांचं उतरायचं ठिकाण होतं. एप्रिल-मे दोन महिने दहा-दहा माणसांचा स्वयंपाक साठीच्या बाईने करायचा, हे मी बघते, आणि त्या बायकांची साखर जूनमध्ये बघते. तेव्हा आधी तिला एकटीला विचारा, तुम्ही समोर नसताना मुलीने विचारलं तर आणखी बरं.

आता दवाखान्याचं. "जवळ हॉस्पिटल आहे" हे वाक्य माझ्या दृष्टीने अपुरं आहे. अर्धांगाचा झटका मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे आला असेल, तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देण्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही हे बघावंच लागतं. रक्तस्राव असताना ते इंजेक्शन दिलं तर जिवावर बेततं. माणूस झोपेतून उठतानाच तोंड वाकडं झालेलं असेल, तर घड्याळ लावायचं ते रात्री शेवटचं नीट बोलला होता तेव्हापासून. हृदयविकाराच्या झटक्यातही जितका उशीर तितका हृदयाचा स्नायू कायमचा जातो. म्हणजे तुमच्यासाठी अंतर मोजायचं ते घरापासून चालू सीटी स्कॅनपर्यंत, आणि तेही किलोमीटरमध्ये न मोजता जुलैतल्या रात्री अकराच्या वेळात. माझा अंदाज असा की हे अंतर दीड तासाच्या आत असलं पाहिजे, कारण त्याआधीचा आणि नंतरचा वेळही जातोच. आपल्याकडे पहिला फोन मुलाला जातो, मुलगा ओळखीच्या डॉक्टरला विचारतो, तोवर कोणी आलं घालून चहा देतं आणि तास निघून जातो. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे, तिने पुष्कळांचे प्राण वाचवले आहेत, पण वळणावळणाच्या रस्त्याने ती यायला आणि परत जायला लागायचा तो वेळ लागतोच.

जी जागा मनात आहे तिथल्या रुग्णालयात स्वतः जाऊन विचारा. सीटी स्कॅन रात्री चालतो का, की तंत्रज्ञ सहानंतर घरी जातो? अतिदक्षता विभागात रात्री फिजिशियन हजर असतो की फोनवर? गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्यांच्याकडे आहे का? हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडायची अँजिओप्लास्टी तिथेच होते की पुढे पाठवतात, पाठवतात तर कुठे? डायलिसिसच्या किती खाटा आहेत? तुमच्या मिसेसच्या मधुमेहाकडे बघता हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम घातला. डायलिसिस लागलंच तर ते साधारण आठवड्यातून तीनदा असतं. एका बाजूचा प्रवास दोन तासांचा असेल तर घरात दुसरं आयुष्यच उरत नाही. तुमच्या आरोग्य विम्याची कॅशलेस सोय तिथे आहे का, तेही त्याच वेळी विचारून घ्या. सत्तरीनंतर आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट नाही, २०२४ पासून पाच लाखांपर्यंतचं संरक्षण सगळ्यांना आहे, पण तुम्हाला तिथवर पोचायला अजून दहा-अकरा वर्षं आहेत. मधली वर्षं तुमच्या पॉलिसीवरच काढायची आहेत, ती बंद पडू देऊ नका.

या कसोटीवर गावचं घर लावून बघा. गुहागर तालुक्यातल्या बऱ्याच वाड्या रस्त्यापासून खाली आहेत. रस्ता वर, मग जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, मग एखादा पऱ्या (ओढा) आणि त्यावरचा साकव, मग घर. तुमच्या दारात गाडी येते का? येत नसेल तर एक गोष्ट करून बघा. प्लास्टिकच्या खुर्चीत कोणाला तरी बसवा आणि ती खुर्ची रस्त्यापर्यंत उचलून न्या. चार माणसं लागतात, आणि पाखाडी चढताना दोन वेळा बदलावी लागतात. आता वाडीतली माणसं मोजा: शिमगा, मे आणि गणपती सोडून, ऑगस्टच्या एका बुधवारी तिथे चार धडधाकट पुरुष असतात का? माझ्या ओळखीच्या कित्येक वाड्यांत पंचावन्नच्या आतला पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतका आहे. माणसं प्रेमाची आहेत, धावून येतात, पण येणारेही सत्तरीचेच असतात.

घराच्या आतही बघा. जुन्या घरात माजघरातून उतरून न्हाणीघरात जायचं, आणि संडास परसवाच्या टोकाला. रात्री दोन वाजता, पावसात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात विजेरी घेऊन शेवाळलेल्या चिऱ्यावरून जाणं, हे खुब्याचं हाड मोडण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. खुब्याचं हाड मोडल्यावर म्हातारं माणूस पूर्वीसारखं हिंडू-फिरू लागेलच असं नाही. दुरुस्तीला पैसे घालणार असाल तर पहिले पैसे इथे घाला: झोपायच्या खोलीला लागून, त्याच पातळीवर, बिनउंबऱ्याचा संडास-बाथरूम, भिंतीला पकडायला दांडे, खडबडीत फरशी, रात्रभर जळणारा एक छोटा दिवा. कौलं आणि ओटीचं लाकूडकाम नंतर.

मधुमेहाचं थोडं वेगळं सांगते, कारण शहरातले डॉक्टर हे सांगत नाहीत, त्यांना कारण पडत नाही. मधुमेहात पायांची संवेदना हळूहळू कमी होते. कोकणातल्या पावसात पाय चार महिने ओले. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी फाटते, दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही, आणि त्या जखमेवर अनवाणी खळ्यात फिरणं चालूच असतं. तिथून पाय चिघळायला सुरुवात होते. त्याच फाटलेल्या कातडीतून, उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजारही शिरतो. तेव्हा घरात चप्पल, बाहेर बंद बूट, रोज रात्री पाय पुसून बेचक्या कोरड्या करून उजेडात बघणं, हे नियमाने करा. इन्सुलिनचं असं की न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि वादळात वीज गेली की फ्रिज नुसतं कपाट राहतं. वापरातली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालतं, ऊन आणि चुलीची धग टाळली तर. मे महिन्यात मात्र ते पिशवीत गुंडाळून, पाणी आत जाणार नाही असं, ओल्या माठाच्या गारव्यात ठेवा. आणि साठा एका महिन्याहून जास्त ठेवू नका, एकदम खराब झाला तर नुकसान मोठं.

सापांची भीती सगळे विचारतात. फुरसं हा विषारी साप आपल्या भागात आहेच, लाकडाच्या ढिगाखाली, गडग्याच्या म्हणजे कुंपणाच्या दगडांत. संध्याकाळी विजेरी, पायांत बूट, चावलंच तर मांत्रिकाकडे न जाता सरळ सरकारी दवाखाना, तिथे प्रतिविष मिळतं. विंचवाच्या बाबतीत तर कोकणाने मोठा बदल पाहिला आहे. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन हे औषध वापरून दाखवलं, त्याआधी त्या दंशाने माणसं दगावत. आम्ही सगळे त्या कामाचे ऋणी आहोत. या भीतीने कोणी गाव सोडू नये, ओल्या पायरीची भीती जास्त बाळगावी.

आता दापोलीच्या बाजूचा प्लॉट. दापोली गावात राहणं आणि दापोलीजवळ समुद्रावर राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दापोली उंचावर आहे, बाजार आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे, कृषी विद्यापीठामुळे शिकलेल्या माणसांची वस्ती आहे. दापोलीतच घर म्हणाला असतात तर मी विचार करा म्हटलं असतं, जरी रेल्वेसाठी खेडला उतरावं लागतं तरी. पण तुम्ही किनारा म्हणता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर काय केलं ते तिथल्या बागायतदारांना विचारा. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौलं-पत्रे उडाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. त्यात खारी हवा लोखंड खाते, एसी आणि इन्व्हर्टर लवकर जातात, आणि दुरुस्तीला माणूस तालुक्याहून यावा लागतो. पाण्याचंही बघा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या जमिनीत एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि उतारावरून ते समुद्राला मिळतं. किनाऱ्यालगत विहिरीला मचूळ पाणी लागण्याचा संभव वेगळाच. प्लॉट बघायचाच असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या विहिरीत वाकून बघा. कायद्याचं मी थोडंच बोलते, ते वकिलाचं काम आहे: ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरची पट्टी बहुतेक ठिकाणी सीआरझेडच्या (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांच्या) ना-विकास क्षेत्रात येते, आणि "इथे सगळे बांधतात" हे दलालाचं उत्तर तुम्हाला पुढे वाचवणार नाही. सत्तरीत कोर्टाच्या तारखा नकोत.

राहिली चिपळूण आणि रत्नागिरी. रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आहे, आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, खासगी डॉक्टरही बरेच. गाव रत्नागिरीच्या बाजूचं असतं तर मी रत्नागिरीच सांगितलं असतं. तुमचं गाव गुहागरकडचं. चिपळूणहून गुहागर साधारण ४५ किलोमीटर, सकाळी जाऊन देवदर्शन आणि बागेचं बघून संध्याकाळी परत येता येतं. मुलीला ठाण्याहून यायला रेल्वे थेट आहे. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकात हळू धावते, कधी उशीर होतो, पण घाट बंद असताना बहुधा तीच चालू असते. कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि डेरवणचं वालावलकर रुग्णालय महामार्गाने जवळ पडतं, तिथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्याहून मोठं काही लागलं तर कुंभार्ली घाट चढून कराड. दरड आली की हा घाट बंद होतो, म्हणून जवळची सोय आधी पारखायची.

चिपळूणची अडचण पुराची, आणि ती मी लपवणार नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात घुसलं, बाजारपेठेतले तळमजले बुडाले, त्याआधी २००५ मध्येही असंच झालं होतं. पाणी जिथे येतं तिथे तुम्ही चौथ्या मजल्यावर सुरक्षित असाल, पण लिफ्ट बंद, वीज नाही, पिण्याचं पाणी नाही, आणि डायबेटिसच्या पेशंटला खाली उतरवता येत नाही. म्हणून इमारत बघताना दलालाला विचारू नका. खालच्या किराणा दुकानदाराला विचारा, "एकवीस साली पाणी कुठपर्यंत आलं होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. मग इमारतीपासून रुग्णालयापर्यंतचा रस्ताही तसाच विचारत जा, कारण तुमची इमारत कोरडी आणि मधला पूल पाण्याखाली असं होऊ शकतं.

गावच्या घराच्या दुरुस्तीआधी एक काम कराच. सातबारा आणि घरपट्टीचा उतारा काढा. आजोबांच्या नावाचं घर म्हणजे बहुधा चुलते, चुलतभाऊ, आत्या अशी नावं लागतात. तुमच्या खर्चाने दुरुस्त झालेल्या घराचा हिस्सा कोणाचा, यावरून सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलं मी पाहिलंय, आणि त्यात दोघांचंही बीपी माझ्याकडे आलंय. सगळ्यांची लेखी संमती आधी, वाळूचा ट्रक नंतर. चिपळूणचा फ्लॅट पुढे घेतलातच, तर करारात पत्नीचं नाव बरोबरीने घाला.

एवढं करूनही खरी परीक्षा पावसाळ्याचीच. निवृत्त झाल्यावर पहिल्या जूनमध्ये भाड्याच्या घरात या आणि गणपतीपर्यंत हलू नका. पहिला महिना सगळ्यांना आवडतो. कठीण जातो तो जुलैचा उत्तरार्ध. आठ-आठ दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, कपाटात बुरशी, सांधे आखडलेले, दम्याच्या माणसाला दम, संध्याकाळी वीज नाही, बाहेर पडता येत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात झोप उडालेली, जेवणावरून मन उडालेलं, "काही होत नाही, नुसतं बरं वाटत नाही" म्हणणारी माणसं माझ्याकडे येतात, आणि पुरुष बायकांपेक्षा कमी नसतात. ते उदासीनतेचं दुखणं असतं, औषधाने आणि माणसांत जाण्याने बरं होतं, पण लपवलं की वाढतं. या महिन्यांत तुम्ही रोज कोणाशी बोललात, पत्नी आठवड्यातून किती वेळा एकटी बाहेर पडली, एसटीने किंवा रिक्षाने एकटीने दवाखाना आणि बँक करून आली का, हे बघत राहा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीनंतर तर प्रवास फुकट आहे, त्याची सवय आत्तापासून झालेली बरी. तिने हे सगळं एकटीने केलं आणि तिला ते जड गेलं नाही, तर फ्लॅट घ्यायला हरकत नाही. जड गेलं तर ठाण्याला मुलीच्या जवळ घर आणि गावाला वर्षातून दोन मुक्काम, हाही चांगला पर्याय आहे, आणि त्यात कोकण सुटलं असं होत नाही.

येताना दोघांचे जुने रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि पत्नीच्या गेल्या वर्षभरातल्या साखरेच्या नोंदी एका फाइलमध्ये घेऊन या. आल्यावर पहिल्याच आठवड्यात, काही दुखत नसताना, जवळच्या एका फिजिशियनला दोघांनी दाखवा. एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लघवीतलं प्रथिन, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि ईसीजी करून घ्या. त्या ईसीजीची प्रत घरात ठेवा, कारण पुढे कधी छातीत दुखलं तर आधीचा ईसीजी शेजारी ठेवून बघता येतो आणि डॉक्टरला निर्णय लवकर घेता येतो. फ्रिजच्या दारावर घराचा पत्ता, जवळची ठळक खूण, दोघांची औषधं आणि मुलांचे नंबर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून लावा, आणि शेजाऱ्यांना तो कागद दाखवून ठेवा.